बुडालेल्या गल्ल्यांच्या नावाने

शुक्रवार, ३ फेब्रुवारी १७६४. पहाटेचे सहा वाजून दहा मिनिटे.

धक्क्याच्या कडेला पालथा पडून, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात खुणा केलेली काठी घेऊन मी पाण्याची खोली मोजत होतो. गेबने, म्हणजे माझा थोरला भाऊ गॅब्रिएल याने, माझे पाय घट्ट धरले होते, कारण मला पोहता येत नाही. ओहोटी पार तळाला गेली होती. आमची 'मर्सी' बाजूला चिखलात टेकून उभी होती. आईचे नाव मर्सी होते. वडिलांनी बांधलेल्या गलबताला तेच नाव दिले.

"किती?" गेबने विचारले.

"थांब. काठी सरळ नाहीये."

"अरे, गाळात रुतली की आपोआप सरळ उभी राहते. किती ते बोल."

मागच्या वर्षी याच दिवशी, याच ओहोटीला चार फूट होते. आज दोन फूट आणि वर थोडे. ते थोडे मी धरले नाही.

"चला," गेब म्हणाला, "पुढच्या वर्षी तुला पोहता येत नाही याची काळजी करायला नको."

घरी जवाचा पाव आणि खारवलेला बांगडा खाताना तो टॅबिथावहिनीला म्हणाला, की अजून एक वर्ष बघायचे. भरलेली 'मर्सी' धक्क्याला लागत नसेल तर हे मार्लहिथ गाव सोडायचे. गलबत चालवणाऱ्या तांडेलाला दुसऱ्या कुठल्याही बंदरात काम मिळते. मी विचारले, "आणि मी?" तो म्हणाला, "तू काठी घेऊन बस इथे. कुणीतरी मोजायला हवंच." वहिनी हसली, पण त्याच्याकडे न बघता.

वडील बुडाले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हापासून गेबनेच मला वाढवले. बाराव्या वर्षापर्यंत शाळेत ठेवले, पुढे पैसे नव्हते. मला हे गाव सोडायचे नाही आणि गेबशिवाय राहायचेही नाही. हे दोन्ही कसे जमेल याचा नीट विचार करता यावा म्हणून आजपासून रोज लिहायचे ठरवले आहे.

रविवार, ५ फेब्रुवारी.

बुडीत रविवार. सगळ्या होड्या खाडीच्या मुखाबाहेर, जुन्या मार्लहिथवर गेल्या होत्या. समुद्र शांत होता. पाद्रीसाहेबांना तरी उलटी झालीच. दर वर्षी होते. दर वर्षी ते सांगतात, की ही उलटी नव्हे, शोक आहे.

चर्च जिथे पाण्याखाली आहे असे सगळे मानतात तिथे होड्या गोल करून थांबल्या. मेयर हॉब्डन यांनी बुडालेल्या गल्ल्यांची नावे घेतली आणि आम्ही मागून म्हटली. कातडीवाल्यांची गल्ली. दोरवाल्यांची गल्ली. आंधळी गल्ली. सेंट गाइल्सच्या पायऱ्या. राणीचा घाट. प्रत्येक घराला त्याची त्याची गल्ली असते आणि आपली गल्ली आली की पाव पाण्यात टाकायचा. आमची दोरवाल्यांची. ज्या रात्री समुद्र आत आला त्या रात्री त्या गल्लीतून आमचा एकच माणूस निघाला, तोही झाडावर चढून. मग राजाने टेकडीवर दोऱ्या लावून नव्या गावाचे चौकोन आखून दिले आणि उरलेली माणसे त्यात राहायला आली. माणसे कमी आणि चौकोन जास्त झाले. निम्म्या चौकोनांत आजही गवतच आहे.

लहानपणी मला अंकांच्या आधी या गल्ल्या पाठ झाल्या. अजूनही झोप येत नसेल तर मी त्या म्हणतो.

परत येताना 'मर्सी' मुखाशी दोनदा घासली.

सोमवार, २० फेब्रुवारी.

काम लागले! श्री. लॅशमार पूर्वेकडच्या खाजणाला, म्हणजे भरतीचे पाणी शिरते त्या दलदलीला, बंधारा घालत आहेत. हजेरी घ्यायला, माती आणि फाटी मोजायला नीट लिहिणारा माणूस त्यांना हवा होता. त्यांनी मला दोन ओळी लिहून दाखवायला सांगितले आणि म्हणाले, "एक चूक नाही. तुला शाळेतून काढलं कुणी?" आठवड्याला सात शिलिंग.

शिवाय मी धीर करून धक्क्याच्या गाळाबद्दल विचारले. ते म्हणाले, "नॅट, बंधारा होऊ दे. खाजण सुकलं की मेंढ्या येतील. पहिल्या वर्षाच्या लोकरीच्या पैशातून मी स्वतः धक्क्याचा गाळ काढून देतो." हे त्यांनी दोन माणसांसमोर सांगितले.

म्हणजे बंधारा लवकर पुरा झाला तर गेबला जावे लागणार नाही. मी धावत घरी आलो. गेब जाळे विणत होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मेंढ्या मासेमारी पण करतात का रे?"

बुधवार, १४ मार्च.

चिखल गुडघ्यापर्यंत. बोटे गारठल्याने अक्षर वाईट येते, त्याबद्दल मालकांची माफी मागितली. ते म्हणाले चालेल. मी रात्री... नाही, जेवणाआधीच पुन्हा नीट लिहून काढले.

रविवार, १ एप्रिल.

सकाळी सूर्यग्रहण. सूर्याची फक्त कडा बांगडीसारखी राहिली. कोंबड्या आत गेल्या. बायका रडल्या. पाद्रीसाहेबांनी आधीच सांगून ठेवले होते की याचा काही अर्थ नसतो, पण ते स्वतः प्रवचनाची पाने उलटसुलट वाचत होते.

मंगळवार, १० एप्रिल.

हे नीट आणि क्रमाने लिहिले पाहिजे.

आज फावड्याचा दिवस. नवीन बंधारा असला की मार्लहिथचा प्रत्येक नागरिक आपापले फावडे घेऊन येतो आणि पहिले ढेकूळ आपल्या बुडालेल्या गल्लीचे नाव घेऊन बंधाऱ्यावर टाकतो. ही शपथ आहे. समुद्राने आमचे एक गाव घेतले, दुसरे देणार नाही, अशी. आजवर कोणी चुकलेला नाही. पांगळ्यांनाही खुर्चीतून आणतात.

मी यादी घेऊन गेबच्या शेजारी उभा होतो. त्याची पाळी आली. त्याने फावडे भरले. मेयर म्हणाले, "दोरवाल्यांची गल्ली!" गेब वळला आणि त्याने ढेकूळ मागे, खाडीच्या पाण्यात टाकले. "हे तिला परत," तो म्हणाला. मग मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "हे पाणी रोज दोनदा या खाजणात शिरतं आणि परत जाताना सगळ्या बंदराचा गाळ झाडून नेतं. तुम्ही झाडूवाल्यालाच गाडायला निघालाय, नॅट."

तेवढ्यात वहिनी बायकांच्या घोळक्यातून ओरडली, "पाय घसरला त्याचा! रात्रभर समुद्रावर होता, डोळे मिटतायत बिचाऱ्याचे!" लोक हसले. पुढचे नाव पुकारले.

दुपारी मी श्री. लॅशमार यांना, नाव न घेता, झाडूवाल्याचे विचारले. ते म्हणाले, "समुद्रातलं पाणी कमी होणार आहे का? खाजणात नाही शिरलं तर तेवढं पाणी धक्क्याकडे जास्त जाईल." हे मला पटले. एक बादली दोन भांड्यांत ओतण्याऐवजी एकातच ओतली तर ते भांडे जास्त भरते. मी गेबला समजावून सांगितले. तो म्हणाला, "पाणी बादलीत राहत असतं तर मी तांडेल कशाला झालो असतो? पाणक्या नसतो झालो?"

सोमवार, २३ एप्रिल. ईस्टरचा सोमवार.

आज नागरिकांची सभा. गेबला बोलावले होते, कारण बंधाऱ्याची शपथ मोडणाऱ्याला नागरिक राहता येत नाही. पण सगळ्यांना ते मिटवायचे होते, हे मलाही दिसत होते. मेयर वडिलांचे मित्र होते. ते म्हणाले, "गॅब्रिएल, तू थकलेला होतास. पाय घसरला. होय ना?"

गेबने दाराकडे पाहिले. वहिनी तिथे उभी होती. तो म्हणाला, "घसरला असेल."

"झालं तर मग!"

तेव्हा श्री. लॅशमार म्हणाले, की शेजारी उभा असलेल्यालाही विचारावे, म्हणजे नोंद पक्की होईल. मेयर माझ्याकडे वळून हसले. "बोल बाबा नॅट. तू तिथेच होतास. घसरला ना पाय?"

मी उभा राहिलो. मी खूप विचार केला होता. मला वाटले, हीच संधी आहे. गेबला धक्क्याची किती काळजी आहे हे सगळ्या सभेला एकदा कळले तर गाळ काढण्याचे काम मेंढ्यांची वाट न बघता सुरू होईल. म्हणून मी सगळे सांगितले. पाय घसरला नाही. डावा पाय फळीवर होता आणि उजवा घट्ट मातीत. तो आधी वळला, मग त्याने टाकले. त्याचे शब्दही जसेच्या तसे सांगितले, झाडूवाल्यासकट. आणि शेवटी धक्क्याची खोली सांगितली, मागच्या वर्षीची आणि या वर्षीची.

खोलीबद्दल कोणी काही विचारले नाही.

मेयर टेबलाकडे बघत म्हणाले, "हे तुझ्या भावाने केलं नसतं तर बरं झालं असतं," आणि थोड्या वेळाने, "किंवा तू पाहिलं नसतंस."

गेबचे नाव नागरिकांतून काढले. महिन्याभरात 'मर्सी' धक्क्यावरून हलवायची. मासळी उतरवताना दर खेपेला परक्यांचा कर भरायचा. कारकुनाने हुकुमात पिल्चर हे आमचे आडनाव चुकीचे लिहिले होते. मी दाखवून दुरुस्त करून घेतले.

घरी वहिनी म्हणाली, "तुला फक्त हो म्हणायचं होतं."

"खोटं बोलायचं?"

"हो."

"वहिनी, पण मी शेजारीच होतो."

"म्हणूनच तर!" ती ओरडली आणि भांडी घासायला बाहेर निघून गेली. भांडी स्वच्छच होती.

जेवताना गेब म्हणाला, "त्याने सांगितलं ते बरोबर आहे. पाय घट्ट होता." आणि नेहमीसारखा पावाचा कडेचा तुकडा, मला आवडतो म्हणून, माझ्या ताटात टाकला.

मंगळवार, २२ मे.

'मर्सी' धक्क्यावरून हलवली. आता ती खालच्या खाडीत, पूर्वेच्या खाजणाच्या तोंडाशी बांधली आहे. परक्यांना तीच जागा देतात. मी गेबला म्हटले, की एका अर्थी बरे झाले, मला कामावरून ती दिसत राहील. तो म्हणाला, "छान. तिला पण तू दिसशील."

परक्यांचा कर तो भरत नाही. "बिल ठेवा, दिवाळं निघालं की देतो," असे त्याने कर घेणाऱ्याला सांगितले.

माझी योजना अशी आहे: बंधारा पुरा झाला की श्री. लॅशमार खुशीत असतील. तेव्हा मी अर्ज करायचा, की गेबला पुन्हा नागरिक करून घ्यावे. अर्जाचा कच्चा खर्डा तयार आहे. तोपर्यंत मी उशिरापर्यंत काम करतो. माझ्यामुळे काम आठवडाभर पुढे आहे, असे मालक सर्वांसमोर म्हणाले.

सोमवार, १८ जून.

धक्क्यावर पाणी आणखी कमी झाले आहे. सभेने चौकशी केली आणि कारण सापडले. उत्तरेकडून कोळसा घेऊन येणाऱ्या जहाजाने परत जाताना वाळू-दगड खाडीत टाकले असणार. कप्तानाला मोठा दंड केला. तो म्हणाला, "मी कोळसा घेऊन येतो आणि रिकामा जातो. रिकामं जाताना वजन लागतं, म्हणून दगड इथून भरून नेतो. टाकीन कशाला? तुमच्या बंदरातून मी उलट दगड कमी करतोय!" कोणाला ते पटले नाही. दंड भरून तो म्हणाला, की आता कोळशासाठी त्याची वाट बघू नये.

निदान कारण तरी कळले. मला दोन दिवस बरे वाटत होते.

मंगळवार, ७ ऑगस्ट.

आज बंधाऱ्याचे तोंड मिटले!

भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा जोर सगळ्यात कमी. दोन्ही टोकांमध्ये फक्त गाडीच्या रुंदीची फट उरली होती आणि त्यातून पाणी आत-बाहेर इतक्या जोराने करत होते की बोलणे ऐकू येत नव्हते. ओहोटी थांबताच सगळे तुटून पडलो. फाट्यांच्या मोळ्या, त्यावर खडू-दगड, त्यावर चिकणमाती. बायका ॲप्रनमधून माती आणत होत्या. मेयरांनी कोट काढला. पाद्रीसाहेब पडले आणि त्यांच्यावरही एक पाटी माती पडली, तेव्हा श्री. लॅशमार ओरडले, "राहू द्या, तेही लागतील!" भरती परत आली तेव्हा ती बंधाऱ्याला येऊन लागली आणि तिथेच उभी राहिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती आत गेली नाही. आवाज एकदम बंद झाला.

कुणीतरी गल्ल्या म्हणायला सुरुवात केली. कातडीवाल्यांची गल्ली. दोरवाल्यांची गल्ली. सगळे म्हणू लागले. मी रडलो हे लिहून ठेवतो.

गेब 'मर्सी'वर उभा राहून बघत होता. मी हात हलवला. त्याने हळूच डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरून तसाच उभा राहिला. एवढ्या महिन्यांनी त्याने बंधाऱ्याला मान दिला! मला फार म्हणजे फार बरे वाटले.

घंटा, मेंढीचे मटण, बिअर. श्री. लॅशमार यांनी माझा हात हातात घेतला. अर्जाची गोष्ट काढायला ही वेळ योग्य वाटली नाही.

गुरुवार, १६ ऑगस्ट.

मालकांनी अर्ज घेतला. वाचून म्हणाले, "सुरेख लिहिलंय." खिशात ठेवला.

शनिवार, १ सप्टेंबर.

खालच्या खाडीत पूर्वी भरतीचे पाणी खाजणाकडे धावत जाताना 'मर्सी'चा दोर ताणला जायचा. आता पाणी येते, थांबते, आणि जसे आले तसे हळूहळू निघून जाते. खाली राखाडी साय धरल्यासारखा गाळ बसतो. मऊ आणि फार बारीक. मी बोटांत घेऊन पाहिला, दळलेल्या पिठासारखा. 'मर्सी' तीन भरत्यांत एकदाही उचलली गेली नाही.

मी कारणे काढली: उन्हाळा कोरडा गेल्याने नदीला पाणी नाही, पूर्वेचा वारा, त्या कोळसेवाल्याचे दगड. गेबला वाचून दाखवली. तो म्हणाला, "एक राहिलं."

"कुठलं?"

"जाऊ दे. चार पुरेत," तो म्हणाला. मी तर तीनच सांगितली होती.

मंगळवार, ११ सप्टेंबर.

पौर्णिमेचे उधाण. 'मर्सी' हलली नाही. गेब दोन आठवडे समुद्रावर गेलेला नाही. घर आता माझ्या मजुरीवर चालते. मला वाटले होते की मी पाव विकत आणला तर त्याला अभिमान वाटेल. काल त्याने अर्धाच खाल्ला आणि विचारले, "बंधाऱ्याचा आहे ना हा? जड लागतो."

आता सगळी भिस्त या महिन्याच्या अमावास्येच्या उधाणावर. वर्षातले ते सगळ्यात मोठे. तेव्हा ती तरली तर गेब तिला घेऊन खाडीबाहेर पडणार, आणि मग कुठेही जाईल. नाही तरली तर जाईलच, पण पायी. म्हणजे दोन्हीकडून तो जाणार. मी हे आज पहिल्यांदा सरळ लिहिले.

तरीही ती तरावी असे मला वाटते. तांडेल पायी जाताना कसा दिसतो ते मला बघायचे नाही.

गुरुवार, २७ सप्टेंबर.

दुपारी उधाण आले.

आठवडाभर गेब आणि मी ओहोटीला तिच्याभोवतीचा गाळ उपसत होतो. उपसावा तेवढा पुढच्या भरतीला परत येई. आज सकाळी न सांगता माणसे जमली. बंधाऱ्यावर माझ्या हजेरीत असणारेच सगळे. मेयरही आले आणि दोराला लागले. वहिनी पुढे, दोर कमरेला गुंडाळून.

"ओढा रे! मेंढ्या आहात की माणसं?" गेब ओरडला. कोणीतरी मेंढीसारखे ओरडून दाखवले. सगळे हसले आणि हसता हसता ओढू लागले.

पाणी चढले. ती हलली! पाठीमागून आवाज आला, जसा घट्ट बूट चिखलातून काढताना येतो. ती निम्म्या लांबीएवढी सरकली. गेब सुकाणूवर होता. त्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला, वडील होते तेव्हासारखा. मग पाणी थांबले. अजून हातभर हवे होते. आम्ही ओढत राहिलो आणि पाणी उतरू लागले. ती आता खोल जागेच्या काठावर तिरकी होती. खालून आधार गेला आणि ती हळूहळू एका कुशीवर पडली. आतून लाकडे मोडल्याचा आवाज आला. एक, मग थांबून पुष्कळ.

दोर हातात धरून सगळे तसेच उभे होते. गेब वरून खाली उतरला, म्हणजे चालत उतरला, कारण डेक आता भिंतीसारखा उभा होता. तो म्हणाला, "जा घरी. सगळ्यांचे आभार."

मी मेयरांना सांगितले, की बंधारा वेळेवर झाला नसता तर समुद्र आज गावात आला असता, एवढे मोठे उधाण होते. ते म्हणाले, "हो नॅट." आणि खाली बसून चिखलाचे हात पुसू लागले.

मंगळवार, १६ ऑक्टोबर.

गेब आणि वहिनी गेले. सकाळी, लोकरवाल्याच्या गाडीतून.

मी सोबत येऊ का, असे विचारण्यासाठी बरेच दिवस वाक्ये तयार करत होतो. त्याने मला बोलूच दिले नाही. म्हणाला, "तुला इथेच राहायचंय. पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला. राहा."

"कुठे चालला आहेस तेवढं तरी सांग."

"नाही सांगत."

"का?"

"परक्यांच्या कराचे पैसे राहिलेत माझ्याकडे. उद्या मेयर तुला विचारतील. आणि तू सांगशील." तो हे रागाने म्हणाला नाही. माझी टोपी त्याने नीट केली, मी शाळेत जायचो तेव्हा करायचा तशी. "'मर्सी'चं लाकूड तुझं. चांगला ओक आहे. फुकट देऊ नकोस कुणाला."

वहिनीने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "शिक रे जरा." काय शिकू ते विचारायच्या आत गाडी हलली. ती टेकडीवरून, गवताच्या रिकाम्या चौकोनांमधून गेली आणि दिसेनाशी झाली.

गुरुवार, १८ ऑक्टोबर.

मेयरांनी बोलावले. गॅब्रिएल कुठे गेला? मी म्हटले, माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि लगेच विश्वास ठेवला. सभेचा नियम असा, की पळालेल्याचा कर त्याच्या घरात राहणाऱ्याने भरायचा. मी म्हटले, बरोबर आहे.

मंगळवार, २३ ऑक्टोबर.

उत्तरेकडच्या खाजणाला बंधारा घालायचे ठरले. धक्क्याच्या गाळाचे विचारले. श्री. लॅशमार म्हणाले, की आता बंदरात यायला एकही गलबत उरलेले नाही, तेव्हा गाळ काढून कोणासाठी ठेवायचा? हेही खरे आहे.

नव्या बंधाऱ्याच्या उघाडीला, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीला, दारे हवी आहेत. भरतीला आपोआप मिटतील आणि ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडतील अशी. त्याला जुना, खाऱ्या पाण्यात मुरलेला ओक सगळ्यात चांगला. मी 'मर्सी'च्या फळ्यांबद्दल सांगितले. ते चार पौंड म्हणाले. मी चार पौंड दहा शिलिंगांवर अडून बसलो आणि ते मिळवले. फुकट दिले नाही.

शनिवार, २७ ऑक्टोबर. दुपार.

सुतारांनी 'मर्सी' उकलली. फळ्या मी स्वतः मोजून गाडीत चढवल्या. नाव कोरलेली फळी दाराच्या आतल्या बाजूला येईल, दिसणार नाही. लांबीला ती नेमकी बसते.

हिशोब:

देणे. गॅब्रिएल पिल्चर याचा परक्यांचा कर, सभेला: ५ पौंड ४ शिलिंग.
जमा. 'मर्सी'चा ओक, उघाडीच्या दारांसाठी: ४ पौंड १० शिलिंग. सगळे सभेला भरले, पावती घेतली.
बाकी देणे, वीस शिलिंगांचा पौंड धरून: १४ शिलिंग.

सोमवारपासून उत्तर खाजणाचे काम सुरू. माझी मजुरी तीच, आठवड्याला सात. दोन आठवड्यांत फिटेल.